उंबरठ्यावरचे सामने



सप्टेंबर महिना लागला की आपल्या गावांतील तरुण मंडळी रात्री जागू लागतात आणि सकाळी त्यांना अंथरुणातून उठविता उठविता पुरेवाट होते, अशी तक्रार अनेक माता माझ्याकडे करतात. युरोपातील फुटबॉल क्लबांची 'चॅम्पियन्स लीग' नावाची जी मोठी स्पर्धा चालते, तिचे बहुतेक सामने आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्र उलटल्यावर सुरू होतात. रेआल माद्रिद, बार्सिलोना, लिव्हरपूल येथील खेळाडूंची नावे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. बारा प्रेषितांची नावे विचारली तर मात्र आठांवर गाडी अडते. जागरणाविषयी मुलांना जे सांगावयाचे ते मी सांगतच असतो. आज याच स्पर्धेचा एक निराळा भाग वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. तो भाग आपली मुले सहसा पाहत नाहीत, आणि पाहण्यासारखा तर तोच आहे.

ही स्पर्धा सप्टेंबरात सुरू होते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती जुलै महिन्यात सुरू होते. आपल्याकडे शेतात भाताची लावणी चालू असते, त्याच सुमारास युरोपच्या कोपऱ्याकोपऱ्यांतील लहान लहान मैदानांवर तिच्या पात्रता फेऱ्या खेळल्या जातात. त्यांची व्यवस्था अशी आहे. युरोपच्या फुटबॉल संघटनेचे, म्हणजे युएफाचे, ५५ सभासद आहेत. २०२४ सालापासून मुख्य स्पर्धेत ३६ क्लबांना जागा मिळते. त्यांपैकी २९ जागा आधीच ठरलेल्या असतात, आणि त्यांतील फार मोठा वाटा इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी यांसारख्या बलाढ्य देशांकडे जातो. अशा देशांतून नुसता विजेताच नव्हे, तर चौथ्या क्रमांकाचा क्लबदेखील थेट आत येऊन बसतो. उरलेल्या जागा फक्त ७. त्यांतील ५ जागांसाठी लहान देशांचे विजेते क्लब झुंजतात, आणि अशा विजेत्यांची संख्या चाळीसच्या वर असते. अगदी खालून येणाऱ्याला चार पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर एक सामना आपल्या गावी आणि एक प्रतिपक्षाच्या गावी. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करावयाची. बरोबरी झाली तर जादा वेळ, आणि तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टीचे फटके. ऑगस्टअखेर हे सर्व आटोपते. ज्यांच्यासाठी दार उघडले ते आत जातात, इतर बहुतेक जण दुसऱ्या कमी मानाच्या स्पर्धेकडे वळतात किंवा घरी परततात.

हे दार नेहमीच सर्वांसाठी उघडे होते असेही नाही. १९५५ साली पॅरिसच्या 'लेकीप' या क्रीडापत्राने, विशेषतः त्याचे संपादक गाब्रिएल आनो यांनी, युरोपातील क्लबांनी एकमेकांशी खेळावे ही कल्पना उचलून धरली आणि १६ क्लबांची स्पर्धा सुरू झाली. ४ सप्टेंबर १९५५ रोजी लिस्बन येथे पहिला सामना झाला व तो ३-३ असा बरोबरीत सुटला. महायुद्ध संपून अवघी दहा वर्षे झाली होती. काल ज्यांनी एकमेकांची शहरे भाजून काढली त्यांची मुले आज एका चेंडूमागे धावत होती, ही काही लहान गोष्ट नव्हे. पुढे प्रत्येक देशाचा विजेता क्लब तीत येऊ लागला. मग पैसा वाढला, दूरचित्रवाणी आली, १९९२ मध्ये स्पर्धेचे नाव बदलले, आणि १९९४ पासून तीन हंगाम असे गेले की दुबळ्या देशांच्या विजेत्यांना या स्पर्धेच्या दारातच उभे राहू दिले गेले नाही. त्यांना दुसऱ्या स्पर्धेकडे धाडण्यात आले. १९९७ साली ते दार पुन्हा उघडले. मात्र त्याच वर्षी मोठ्या देशांच्या उपविजेत्यांनाही आत घेण्यात आले, तेव्हा गरिबांसाठी दार उघडताना श्रीमंतांची पंगतही वाढली म्हणावयाची. २००९ मध्ये लहान देशांच्या विजेत्यांसाठी एक स्वतंत्र वाट आखून देण्यात आली, जेणेकरून त्यांची गाठ धनाढ्य उपविजेत्यांशी पडू नये. आज जी वाट आहे ती हीच.

आता या वाटेने येणाऱ्यांपैकी काहींची ओळख करून घेऊ.

इटलीच्या पोटात सान मारिनो नावाचे एक चिमुकले प्रजासत्ताक आहे. क्षेत्रफळ ६१ चौरस किलोमीटर, वस्ती चौतीस हजारांच्या आसपास. परंपरा सांगते की चौथ्या शतकाच्या आरंभी मारिनुस नावाचा एक ख्रिस्ती पाथरवट छळापासून दूर तितानो डोंगरावर येऊन राहिला आणि त्याच्याभोवती ही वस्ती जमली. देशाने आजही त्या संताचे नाव धारण केले आहे. या देशाचा विजेता क्लब २००७ पासून चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत येतो. येतो आणि हरतो. खेळाडू दिवसा नोकरीधंदा करणारे. त्यांनी व्यावसायिकांपुढे किती टिकाव धरावा? परंतु २०१३ च्या जुलै महिन्यात 'त्रे पेन्ने', म्हणजे 'तीन पिसे', या नावाच्या क्लबाने आर्मेनियाच्या शिराक क्लबाला आपल्या मैदानावर १-० असे हरविले. सान मारिनोच्या क्लबाचा या स्पर्धेतील तो पहिला विजय. त्याने त्यांना पुढची फेरी मिळाली नाही, कारण पहिला सामना ते ३-० असा हरले होते. हिशेबाच्या वहीत ते बादच झाले. तरीपण त्या रात्री त्यांनी जे मिळविले ते कोणत्या वहीत मांडावयाचे? आणि त्याआधीच्या वर्षांत जे हरूनही दरवर्षी वेळेवर मैदानात उतरत राहिले, त्यांच्याशिवाय हा विजय आला असता काय?

उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर क्लाक्सविक म्हणून सुमारे पाच हजार वस्तीचे एक मासेमारी करणारे गाव आहे. आपल्यातील एखादे मोठे गाव जेवढे, तेवढेच. २०२३ साली त्या गावच्या क्लबाने पहिल्या फेरीत हंगेरीच्या फेरेन्त्सवारोश या मातबर क्लबाला बुडापेस्ट येथे जाऊन ३-० असे हरविले. दुसऱ्या फेरीत स्वीडनच्या विजेत्यांना पेनल्टीवर मागे सारले. तिसऱ्या फेरीत नॉर्वेच्या मोल्दे क्लबाशी घरचा सामना २-१ असा जिंकला, परंतु परतीच्या सामन्यात जादा वेळेत गोल होऊन ते बाद झाले. चौथी पायरी त्यांना चढता आली नाही. मात्र त्या उन्हाळ्याने फेरो बेटांचा क्लब युरोपातील तिसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या मुख्य भागात प्रथमच पोहोचला. दार बंद झाले, पण शेजारची खिडकी उघडली.

या दारात लहानच उभे राहतात असे नाही. कधी मोठ्यांनाही तेथे यावे लागते. २००५ च्या मे महिन्यात इस्तंबूल येथे लिव्हरपूल क्लबाने मिलानविरुद्ध मध्यंतरापर्यंत ३-० असे मागे असताना बरोबरी साधली आणि पेनल्टीवर युरोपचा चषक जिंकला. परंतु त्याच वर्षी इंग्लंडच्या साखळीत त्यांचा क्रमांक पाचवा आला होता, आणि त्या वेळच्या नियमांनुसार मागील विजेत्यास पुढील वर्षी जागा मिळेलच अशी हमी नव्हती. विशेष बाब म्हणून त्यांना प्रवेश मिळाला, पण तो सर्वांत खालच्या पायरीवरून. तेव्हा युरोपच्या विजेत्यांनी ऑगस्टची वाट न पाहता जुलैमध्येच, पहिल्या पात्रता फेरीत, वेल्सच्या विजेत्या क्लबाशी दोन सामने खेळले. तो क्लब मूळचा लानसानफ्रेद या खेड्यातला. त्या गावाच्या नावाचाच अर्थ संत ब्रिजिदेचे चर्च असा आहे. लिव्हरपूलने दोन्ही सामने ३-० असे जिंकले. निकालात नवल काहीच नाही. परंतु चषक घरात असताना पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभे राहण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. पहिल्या आसनावर बसलेल्याने शेवटच्या आसनावर जाऊन बसण्याची तयारी ठेवावी, ही प्रभूची शिकवण आपण भोजनाच्या दाखल्यात ऐकली आहे. ती आचरणात आणण्याची पाळी येते तेव्हा मात्र आपल्याला आपले पूर्वीचे मानपत्र आठवते.

आता एका अशा क्लबाची हकिकत सांगतो की जिच्याशी आपल्या धर्मसभेचे जवळचे नाते आहे. आयर्लंडमधील स्लायगो परगण्यात १८४० साली जन्मलेला अँड्र्यू केरिन्स हा मुलगा पुढे मरिस्त संघात व्रतस्थ झाला व ब्रदर वॉल्फ्रिड या नावाने स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात शिक्षक म्हणून काम करू लागला. लहानपणी त्याने आयर्लंडचा महादुष्काळ पाहिला होता. ग्लासगोच्या पूर्व भागात पोटासाठी आलेल्या आयरिश कॅथलिकांची मुले उपाशीपोटी शाळेत येत. त्या मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करावा म्हणून ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात एक फुटबॉल क्लब स्थापन झाला. तोच सेल्टिक क्लब. १९६७ साली लिस्बन येथे या क्लबाने युरोपचा चषक जिंकला, आणि त्या दिवशी मैदानात उतरलेले त्याचे सर्व खेळाडू ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. ज्या घराने एकदा सिंहासन भूषविले, त्यालाही पुढील काळात पात्रतेच्या उंबरठ्यावर पुनःपुन्हा उभे राहावे लागले. त्यांतील तीन प्रसंग मनन करण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग २०१४ सालचा. तिसऱ्या फेरीत सेल्टिकची गाठ पोलंडच्या लेगिया वॉर्सा या क्लबाशी पडली. लेगियाने घरी ४-१ आणि परतीच्या सामन्यात २-०, असा एकूण ६-१ विजय मिळविला. यापेक्षा निर्विवाद निकाल तो कोणता! परंतु दुसऱ्या सामन्याच्या अखेरच्या काही मिनिटांत लेगियाने बार्तोश बेरेशिन्स्की नावाचा एक तरुण बचावपटू बदली म्हणून उतरविला. त्याच्यावर मागील हंगामातील तीन सामन्यांची बंदी होती. तीन सामने तो बाहेर बसला होता खरा. पण त्यांपैकी दोन सामन्यांच्या वेळी क्लबाने युएफाकडे पाठविलेल्या यादीत त्याचे नावच नव्हते, आणि ज्याचे नाव यादीत नाही त्याने शिक्षा भोगली असे नियम मानीत नाही. दोन दिवसांत निर्णय झाला. दुसरा सामना सेल्टिकने ३-० असा जिंकल्याचे जाहीर झाले, एकूण गोल ४-४ झाले, आणि परक्या मैदानावरील गोलास अधिक मान देणाऱ्या त्या वेळच्या नियमाने सेल्टिक पुढे गेले. लेगियाने अपिले केली, ती फेटाळली गेली. पुन्हा सामना खेळावा, असे लेगियाच्या चालकांनी सेल्टिकला जाहीरपणे विनविले. हा विषय युएफाच्या अखत्यारीतील आहे, अशी सेल्टिकची भूमिका राहिली.

वाचकहो, यात चूक कोणाची? नियम आधीच लिहिलेला होता, आणि तो सर्वांना सारखा होता. नियम पाळला नाही तर लहान क्लबाला कधीच न्याय मिळणार नाही, हेही खरे. म्हणून युएफाला मी दोष देणार नाही आणि नियमाचा आधार घेणाऱ्यालाही अन्यायी म्हणणार नाही. परंतु मैदानावर सहा गोल खाऊन कागदावर पात्र ठरणे, आणि मैदानावर सहा गोल करून कागदावर अपात्र ठरणे, या दोहोंवरून एक गोष्ट निश्चित दिसते: जगाच्या यादीतील 'पात्र' हा शब्द आणि माणसाची खरी योग्यता ही दोन नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. कायदा जेथे संपतो तेथून पुढे औदार्याची वाट सुरू होते. त्या वाटेने जाण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, इतकेच. सेल्टिक पुढच्याच फेरीत स्लोव्हेनियाच्या मारिबोर क्लबाकडून हरले व दाराबाहेरच राहिले. आणि ज्या तरुणाचे नाव त्या घोटाळ्याशी कायमचे जोडले जाईल असे वाटले होते, तो बेरेशिन्स्की २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांत पोलंडकडून खेळला. कचेरीतील एका यादीने त्याचे आयुष्य ठरविले नाही.

दुसरा प्रसंग १२ जुलै २०१६ चा. स्पेनच्या दक्षिण टोकाला जिब्राल्टरचा खडक आहे. तेथील फुटबॉल संघटनेला युएफाचे सभासदत्व २०१३ सालीच मिळाले होते. तेथील लिंकन रेड इम्प्स या क्लबाने विमानतळाला लागून असलेल्या मैदानावर सेल्टिकला १-० असे हरविले. गोल करणारा ली कासियारो हा ३४ वर्षांचा, पेशाने पोलीस. सेल्टिकचे नवे प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांचा तो पहिलाच महत्त्वाचा सामना होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांची काय गत केली असेल याची वाचकांनी कल्पना करावी. परंतु आठ दिवसांनी सेल्टिकने परतीचा सामना ३-० असा जिंकला, पुढील दोन फेऱ्याही पार केल्या आणि मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळविला. त्या हंगामात स्कॉटलंडच्या साखळीत तर ते एकही सामना हरले नाहीत. ज्या पराभवावरून एका माणसाची पात्रता ठरवून टाकावी असे लोकांना वाटले, तो आठ दिवसही टिकला नाही.

तिसरा प्रसंग २०२५ च्या ऑगस्टमधील. या वेळी उंबरठ्यावर सेल्टिकसमोर कझाकस्तानचा कैरात क्लब उभा होता. त्याचे गाव अल्माटी, म्हणजे जवळजवळ चीनच्या सरहद्दीवर. पहिल्या पायरीपासून स्लोव्हेनिया, फिनलंड आणि स्लोव्हाकिया येथील क्लबांना मागे सारीत तो शेवटच्या पायरीवर आला होता. ग्लासगोत गोल झाला नाही, अल्माटीतही झाला नाही, जादा वेळेतही नाही. पेनल्टीच्या फटक्यांत कैरातचा २१ वर्षांचा गोलरक्षक तेमिरलान अनारबेकोव याने तीन फटके अडविले, आणि दरिद्री मुलांच्या जेवणासाठी जन्मलेला, युरोपचा चषक मिरविलेला तो जुना क्लब दाराबाहेर राहिला. एका रात्री एकाला दार उघडते, दुसऱ्या रात्री दुसऱ्याला. ब्रदर वॉल्फ्रिडने वाढलेली ताटे मात्र या कोणत्याही निकालाने रिकामी होत नाहीत. क्लबाची थोरवी कोणत्या गोष्टीत आहे, ते १८८७ सालीच ठरून गेले आहे.

त्याच ऑगस्टमध्ये सायप्रस बेटावरील पाफोस गावच्या क्लबानेही दार उघडून घेतले. दोन लहान क्लब एकत्र येऊन २०१४ साली तो जन्मला, २०२५ मध्ये प्रथमच आपल्या देशाचा विजेता ठरला, आणि त्याच वर्षी इस्रायल, युक्रेन व सर्बिया येथील नावाजलेल्या क्लबांना मागे टाकून मुख्य स्पर्धेत गेला. पाफोस हे नाव वाचून ज्यांना प्रेषितांची कृत्ये आठवली असतील, त्यांनी बायबल नीट वाचले आहे. याच गावी संत पौल आणि संत बर्णबा यांनी रोमन अधिकारी सेर्गियस पौलस याच्यापुढे प्रभूची वार्ता सांगितली. शौलाला पौल या नावाने संबोधल्याचे तेथेच प्रथम आढळते. पाफोस येथे त्याचे ऐकले गेले. पुढे अनेक गावांत त्याला हाकलून देण्यात आले, लुस्त्र येथे तर दगडांनी मारून मेला असे समजून बाहेर टाकले. तो उठला आणि पुढच्या गावी गेला. धावपटूंचा दृष्टांत देणाऱ्या या प्रेषिताने एका गावच्या नकारावरून आपल्या पाचारणाची परीक्षा केली नाही.

गोव्यातील वाचकांना तर हे दार परके नाही. १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी गोव्यात फुटबॉल आणला, असे सांगितले जाते. आशियातही अशाच पात्रता फेऱ्या असतात. १३ ऑगस्ट २०२५ रोजी फातोर्डा येथे एफ्‌सी गोवाने ओमानच्या अल सीब क्लबाला २-१ असे हरवून आशियातील दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या मुख्य भागात पाऊल टाकले. पुढे नामांकित अल नस्र क्लब त्यांच्याच गटात आला, तेव्हा तिकिटांसाठी धावपळ करणाऱ्यांपैकी किती जण त्या आधीच्या उंबरठ्यावरच्या सामन्याला हजर होते?

वाचकहो, आता हे सर्व मी कशासाठी सांगितले ते ऐका. युरोपात पात्रता फेऱ्या चालतात त्याच दिवसांच्या आसपास आपल्या घरांतही पात्रतेचे निकाल लागतात. कोणाचा मुलगा दहावीला बसलेला असतो, कोणाच्या मुलीने वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दिलेली असते, कोणी शिक्षकांची पात्रता परीक्षा देतो, कोणी बेळगावला सैन्यभरतीच्या रांगेत धावून येतो. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. चाळीसांतून पाच निवडावयाचे तर पस्तीस परत येणारच. ते सर्व आळशी होते म्हणून नव्हे, जागा पाच होत्या म्हणून. ही साधी बेरीज-वजाबाकी आपण फुटबॉलच्या बाबतीत समजून घेतो, पण स्वतःच्या लेकराच्या बाबतीत विसरतो. 'आमचा मुलगा या वेळी अपात्र ठरला' असे न म्हणता 'आमचा मुलगा काही कामाचा नाही' असे आपण शेजाऱ्यांदेखत म्हणून जातो. पहिल्या वाक्यात एका दिवसाचा निकाल आहे. दुसऱ्या वाक्यात आपण स्वतः न्यायाधीश होऊन जन्मभराची शिक्षा सुनावतो. अशा निकालानंतर कोवळ्या मुलांनी जिवाचे बरेवाईट केल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्या दूरच्या गावांच्या असतात असे कोणी समजू नये.

पवित्र कम्युनियन घेण्यापूर्वी आपण सर्व जण, म्हातारे, तरुण आणि मीदेखील, त्या रोमन शताधिपतीप्रमाणे प्रभूपुढे कबूल करतो की त्याने आपल्या घरी यावे अशी आपली पात्रता नाही. आणि एवढे म्हणून आपण घरी परत जात नाही, वेदीकडे जातो. का? कारण तेथील जागा मोजक्या नाहीत, आणि तेथे पात्र ठरविण्याचे काम आपले नव्हे, त्याचे आहे. ज्या समाजाला दर रविवारी हे म्हणावे लागते, त्याने आपल्या मुलाच्या कपाळावर 'अपात्र' असा शिक्का मारण्यापूर्वी जरा थांबावे.

याचा अर्थ अभ्यास करू नये, सराव करू नये, असा कोणी घेऊ नये. क्लाक्सविकचे खेळाडू कामावरून दमून आल्यावर अंधारात व पावसात सराव करीत होते म्हणूनच बुडापेस्टला तीन गोल झाले. आणि लेगियाच्या उदाहरणावरून मुलांनी हेही शिकावे की अर्ज वेळेवर भरणे, यादीत नाव नीट आहे की नाही हे पाहणे, कागदपत्रे तपासणे ही कामे चेंडू खेळण्याइतकीच महत्त्वाची आहेत. सहा गोल करणाऱ्यालाही एका ओळीने परत पाठविता येते.

पालकांना माझे सांगणे थोडक्यात असे. निकाल लागेल त्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका. त्याला आधी जेवू घाला. ब्रदर वॉल्फ्रिडनेही शिकविण्याच्या आधी जेवणाचीच काळजी केली. शेजारच्या मुलाचे नाव त्या दिवशी घरात काढू नका. पुढची वाट कोणती, हे दोन दिवसांनी शांतपणे बसून ठरवा, कारण एका फेरीत बाद झालेल्यासाठी दुसरी स्पर्धा असते. घरात बोलणे जड जात असेल तर मुलाला चर्चवर पाठवा. आमचे दार त्या दिवशी उशिरापर्यंत उघडे असते.

आणि मुलांनो, रात्री जागणे कमी करा हे तर आहेच. पण येत्या जुलैत पहिल्या पात्रता फेरीचे निकाल वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत येतील, ते एकदा वाचा. तेथे जी अनोळखी नावे दिसतील, ती आपल्यासारख्याच लहान गावांची असतील. त्यांतील बहुतेक हरतील. पुढच्या जुलैत त्यांतील कित्येक पुन्हा येतील.